जर्नलमधलं पिथियम आणि आप्पांच्या आल्यातलं पिथियम

प्रति,
मा. प्राचार्य, तसेच वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांचे प्रमुख,
सातारा जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये

विषय : बी.एस्सी.च्या मुलांना संशोधनाची पहिली संधी वेळेत मिळण्याबाबत

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातली. तुमच्यापैकीच एका महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं, कोल्हापूरला एम.एस्सी. केलं आणि सध्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे लिहिणार आहे ते माझ्या मैत्रिणींनी आपापल्या कॉलेजात तसंच्या तसं पाहिलं आहे, त्यामुळे एकावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय ज्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. तक्रार आहे, पण ती घरातल्या माणसाची आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना मी जर्नलमध्ये पिथियम या पिकांना रोग लावणाऱ्या सूक्ष्मजीवाची आकृती काढली. टोकदार पेन्सिल, उजवीकडे नावांच्या सरळ रेघा, खाली लाल पेनानं मॅडमची सही. मला त्या पानाचा अभिमान होता. त्याच ऑगस्टमध्ये घरी आप्पांच्या दीड एकर आल्याला कूज लागली. आधी शेंड्याची पानं पिवळी, मग बुंधा मऊ, आणि ओढला की हातात येणारा. गड्डा दाबला की पाणी सुटायचं आणि एक वास यायचा, तो अजून माझ्या नाकात आहे. आप्पांनी कृषी सेवा केंद्रातून औषध आणलं, आळवणी केली, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतलं. दुसऱ्यांदा दुसरं औषध, दुसरी आळवणी. तिसऱ्या वेळी उधारी मिळाली नाही. मी शनिवारी एसटीनं घरी जायचे, सडलेली रोपं उपटायला आईला मदत करायचे आणि सोमवारी परत येऊन पिथियमचं जीवनचक्र पाठ करायचे.

आल्याची कूज बऱ्याचदा पिथियममुळेच होते, हे मला कळलं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. म्हणजे तब्बल तीन वर्षं मी दोन पिथियम ओळखत होते. एक जर्नलमधलं, परीक्षेत वीस मिनिटांत काढून होणारं. दुसरं आमच्या रानातलं, ज्याला घरात नुसतं ‘कूज’ म्हणत. दोन्ही एकच आहेत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, हे कबूल करते. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या सोमवारी मी दप्तरात एक सडका गड्डा घालून आणला असता तर काय झालं असतं? आपल्या लॅबमध्ये त्याचं काय करता आलं असतं? बरंच काही. बुंध्याचा ताजा काप काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायचा. कापातून दुधासारखे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर, म्हणजे राल्स्टोनिया. नाही उतरले तर बुरशीकडे वळायचं. बटाटा, डेक्स्ट्रोज आणि अगर यांचं माध्यम करायचं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, बंद असेल तर घरचा प्रेशर कुकर चालतो, तो जवळजवळ तितकाच दाब आणि तापमान देतो. तीन-चार दिवसांत वाढ दिसते. मायक्रोस्कोपखाली धाग्यांत आडपडदे दिसले आणि कोयत्यासारखे वाकडे बीजाणू दिसले की फ्युजेरियम. आडपडदे नसतील तर संशय पिथियमवर. आणि पिथियम ही खरी बुरशी नव्हेच, ती ऊमायसीट, बुरशीसारखी दिसणारी पण वेगळ्या गटातली. तिच्या पेशीभित्तिका आणि पेशीतल्या क्रियाही वेगळ्या, त्यामुळे बुरशीची काही औषधं तिच्यावर चालतच नाहीत. आप्पांनी पहिल्यांदा आणलेलं औषध कोणतं होतं ते आता आठवत नाही. पण रोग कशामुळे आहे हे न पाहता दोन वेळा आळवणी झाली, एवढं नक्की.

एका गावातले दहा प्लॉट, प्रत्येकातले पाच गड्डे, आणि एक प्रश्न : आमच्याकडची कूज नेमकी कशाची? याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. ते शोधायला बी.एस्सी.ची मुलगी, एक मायक्रोस्कोप आणि दोन महिने पुरले असते. संशोधन म्हणतात ते हेच, सर. ते फक्त बंगळुरूला होतं अशी माझी समजूत होती. तुमच्यापैकी काहींचीही असावी अशी मला शंका आहे.

बंगळुरूचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते, कारण तिथे जायच्या वाटाही आपल्या मुलांना वेळेवर कळत नाहीत.

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, वर मानधन आणि प्रवासखर्च. अर्ज उन्हाळ्यात नव्हे, आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरायचा असतो, आणि इथेच आपली मुलं हुकतात. आपल्याकडे उन्हाळी गोष्टीची चर्चा उन्हाळ्यात सुरू होते. त्या अर्जात आपल्याला काय करायचं आहे यावर एक छोटं टिपण लिहावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. याच योजनेत शिक्षकांनाही अर्ज करता येतो. हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावं, कारण पुण्यात मी भेटलेल्या शिक्षक-फेलोंमध्ये आपल्या जिल्ह्याचं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी उपक्रम चालवला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राने जीवशास्त्राच्या मुलांना सलग तीन उन्हाळे बोलावण्याची योजना अनेक वर्षं चालवली. दोन्हीकडे सुरुवातीच्या वर्षांतली मुलं हवी असत. आपण तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगतो, ‘आता एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचं बघा.’

आणि इन्स्पायर, ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलाला वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी, मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करून अहवाल दिल्यावर. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ती मिळत होती. हुशार मुलगा, खटाव तालुक्यातला. त्या २०,००० साठी त्यानं काय केलं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना अहवाल मिळत होता, त्याचं पहिलं पान बदललं. सही झाली, शिक्का बसला. पैसे आले, त्याचा मोबाइल आला. उन्हाळाभर तो घरी ऊस तोडणीचा हिशोब लिहीत बसला. मी त्याला दोष देत नाही. ‘अरे, या पैशात तू दोन महिने पुण्याला राहू शकतोस,’ असं त्याला सांगणारं एक माणूस हवं होतं.

आता जरा पुण्यातून कसं दिसतं ते सांगते.

दर मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळी मुलं येतात. दिल्लीची, केरळची, आसामची, एक जण तर मणिपूरहून आली होती, तीन दिवस प्रवास करून. साताऱ्याहून पुणे अडीच-तीन तासांचं. तिथून मात्र कुणी नाही. गेल्या वर्षी आमच्या मॅडमना एका मुलाचा मेल आला आणि त्यांनी तो मला दाखवला, ‘तुझ्या गावाकडचा दिसतोय.’ मी वाचला आणि कानकोंडी झाले. वरच्या पट्टीत त्रेसष्ट पत्ते उघडे पडलेले. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, आमच्या मॅडमना. मग ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ काम करण्याची ‘तीव्र इच्छा’. कशावर, ते नाही. कधीपासून कधीपर्यंत, ते नाही. खाली गुणपत्रिकेचा आडवा फोटो. मॅडमनी तो पुसला नाही, पण उत्तरही दिलं नाही. दिवसाला असे कितीतरी येतात.

मी त्या मुलाला माझ्या पत्त्यावरून लिहिलं. फोनवर बोलणं झालं. तर हा मुलगा कास पठाराच्या वाटेवरच्या गावातला. लहानपणापासून सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गुरं घेऊन जाणारा. सीतेची आसवं कोणत्या आठवड्यात कुठल्या उतारावर आधी येतात, गेंद कुठे दाट असतो, वायतुरा कुठल्या डबक्यात उगवतो, हे तो फोनवर घडाघडा सांगत होता. वायतुरा, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली जगाला ओळख झालेली ही वनस्पती आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन फिरते. मी त्याला म्हटलं, ‘अरे, हे मेलमध्ये का नाही लिहिलंस?’ तो म्हणाला, ‘ताई, ते काय सांगायचं? ते तर घरचं आहे.’

त्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत होते. जे घरचं आहे ते ज्ञान नाही, असं या पोराला कुणी शिकवलं? मुद्दाम कुणीच नाही. पण तीन वर्षांच्या स्पॉटिंग, व्हायवा आणि सर्टिफाइड जर्नलमध्ये त्याला त्याच्या सड्याबद्दल एकदाही कुणी काही विचारलं नव्हतं.

आम्ही मेल नव्याने लिहिला. एकाच व्यक्तीला. तिचा एक शोधनिबंध आधी वाचून, त्यातलं काय समजलं आणि काय नाही हे दोन ओळींत. मग सड्यावरच्या डबक्यांबद्दलची त्याची स्वतःची निरीक्षणं, चार ओळी. कधी येऊ शकतो त्या तारखा. एक पानाचा बायोडेटा, पीडीएफ. दहा दिवसांनी नम्र आठवण. असे सात मेल सात जणांना, सात वेगवेगळे. दोघांनी उत्तर दिलं, एकानं बोलावलं. हे शिकवायला मला फोनवर दीड तास लागला. तुमच्या विभागात एका शनिवारी, फळ्यावर, तीस मुलांना एकदम शिकवता येईल.

शिफारसपत्राबद्दल मात्र थोडं कडक लिहिते, रागावू नये. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकानं ऐकलं आहे. वीस वर्षांच्या मुलीनं स्वतःची स्तुती इंग्रजीत कशी लिहायची? ती नेटवरून उचलते. पलीकडे बसलेल्या माणसाकडे एकाच मजकुराची चार पत्रं येतात, चार वेगळ्या नावांची. आमच्या मॅडमनी एकदा दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते, विशेषणंसुद्धा त्याच क्रमानं. दोन्ही अर्ज बाजूला टाकले गेले. तुम्ही मराठीत पाच ओळी सांगितल्यात आणि मुलीनं त्या इंग्रजीत उतरवून तुम्हाला दाखवल्या तरी ते पत्र खरं होईल. ‘हिने तीन आठवडे रोज सकाळी साडेसातला येऊन पेट्री डिश तपासल्या’, एवढं एक वाक्य ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’पेक्षा दहापट वजनाचं असतं. पण तसं लिहायला ती तीन आठवडे साडेसातला येऊ शकली पाहिजे. म्हणजे लॅबची किल्ली कुणाकडे असते, हा प्रश्न आला. माझ्या वेळी ती लॅबमधल्या मामांकडे असायची आणि मामा साडेदहाला यायचे.

कासचं सगळ्यांना माहीत आहे. २०१२ पासून जागतिक वारसा, साडेआठशेच्या आसपास फुलझाडं, सप्टेंबरातली गर्दी. मला आठवतो तो चाळकेवाडीचा सडा.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आमची सहल ठोसेघरला गेली होती. धबधबा पाहिला, मग वर चाळकेवाडीला, पवनचक्क्यांखाली. आम्ही त्यांना पंखेच म्हणायचो. पंख्याखाली फोटो काढले, वडापाव खाल्ला, गाडीत अंताक्षरी झाली. सहलीचा अहवाल मी लिहिला, त्यात ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द तीनदा होते. आम्ही ज्या दगडांवर बसून वडापाव खात होतो त्या दगडांवर एक सरडा असतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी पंखा, पावसाळ्याआधीच्या महिन्यांत तो उघडमीट करत मादीला दाखवतो. २०१६ साली या सरड्यांसाठी शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती (जीनस) मांडली, आणि तिचं नाव काय ठेवलं? ‘सरडा’. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा, लॅटिन नावांच्या रांगेत. चाळकेवाडीचा तो सरडा सुपर्बा.

पुढची गोष्ट आणखी रंजक आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी याच सड्यावर काम केलं आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या आहेत त्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. आणि ते सरडे निर्धास्त. माणूस पार जवळ आला तरी पळत नाहीत, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी वाढतं. वर आकाशातल्या पात्यांनी खाली दगडावरच्या जनावराचा स्वभाव बदलला. जगभर त्याची चर्चा झाली.

मी तो निबंध पुण्यात वाचला. त्यातली एक मोजणी कशी होती माहीत आहे? सरडा दिसला की त्याच्याकडे एका लयीत चालत जायचं. तो पळाला की थांबायचं. अंतर मोजायचं. एवढंच. रक्ताच्या चाचण्यांना प्रयोगशाळा लागली असेल, पण या मोजणीला लागते मोजपट्टी. आमच्या सहलीच्या बसमध्ये त्रेपन्न मुलं होती आणि एका जणाच्याही खिशात मोजपट्टी नव्हती.

म्हणून सुचवते. कॉलेजच्या कुंपणावर बागेतला साधा सरडा असतोच. पोवई नाक्याजवळच्या गजबजलेल्या आवारातला सरडा माणसाला किती जवळ येऊ देतो, आणि परळी खोऱ्यातल्या बांधावरचा किती? पकडायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त चालायचं आणि मोजायचं. शंभर नोंदी झाल्या की सरासरी काढायची, आलेख काढायचा, मग कळतं आपण काय काय मोजायला विसरलो : वेळ, ऊन, सरड्याचं आकारमान. ते विसरणं हीच पहिली शिकवण. असा प्रकल्प केलेली मुलगी अकादमीच्या अर्जातलं टिपण नेटवरून उचलणार नाही. तिच्याकडे लिहायला काहीतरी असेल.

विषय कमी नाहीत. झाडाला पालवी कधी, मोहोर कधी, फळं कधी याची दर आठवड्याची नोंद शाळा-कॉलेजांतून घेणारा सीझनवॉचसारखा देशव्यापी उपक्रम आहे, नाव नोंदवा आणि कॉलेजच्या दारातला बहावा धरा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या मुळांवरच्या गाठी किती आणि कुठल्या रानात जास्त, हे मोजायला एक खुरपं पुरतं. डीएनएची माहिती हवी असेल तर जगातले जनुकक्रम फुकट उपलब्ध आहेत, संगणकाच्या लॅबमध्ये बसून तुलना करता येते. गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. कुठल्या उघडल्या जातात आणि कुठल्या कपाटात आहेत, हाही एक अभ्यास होईल, जरा बोचरा.

आता तुमची बाजू, कारण ती मला दिसत नाही असं नाही. जागा रिकाम्या आहेत. अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर, तासावर पैसे आणि तेही उशिरा. अशा माणसाला ‘शनिवारी फुकट या’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उरलेल्यांच्या मागे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइली. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, प्रत्येक गोष्टीचे श्रेयांक (क्रेडिट) आले, श्रेयांकांचे तक्ते आले. एका सरांनी मला सांगितलं, ‘बाई, आम्ही शिकवतो कमी आणि भरतो जास्त.’ पटलं.

पण त्याच धोरणात एक दार उघडलं आहे, तेही बघा. फिल्ड प्रोजेक्ट आता सक्तीचा आहे. म्हणजे तो तास तुम्हाला वेळापत्रकात द्यायचाच आहे, त्याचे गुण द्यायचेच आहेत. सध्या त्यात काय चालतं? ‘परिसरातील औषधी वनस्पतींचा अभ्यास’. तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल, स्पायरल बाइंडिंग. पुढच्या वर्षी तीच तुळस. त्याऐवजी एका विभागानं एकच प्रश्न तीन वर्षांसाठी धरला तर? पहिल्या वर्षाची मुलं गड्डे गोळा करतील, दुसऱ्या वर्षाची माध्यमावर वाढवतील, तिसऱ्या वर्षाची आकडे मांडतील, आणि पुढची तुकडी तिथून पुढे जाईल. कामाचा बोजा तेवढाच, फक्त दरवर्षी शून्यापासून सुरुवात नाही.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वर्षी आलेली मुलं जून २०२७ मध्ये चौथ्या वर्षाच्या दारात असतील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आहे आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. बारा! त्या वर्षी मुलाला पहिल्यांदा ‘विषय शोध’ म्हणायचं का? ज्याने तीन वर्षांत कधी स्वतःचा प्रश्न विचारला नाही, तो तेव्हाही झेरॉक्सच्या दुकानातच जाईल. फक्त बाइंडिंग हार्ड असेल.

पैशांचं एक सुचवायचं आहे. हा जिल्हा ‘कमवा आणि शिका’चा. कर्मवीरअण्णांच्या योजनेत शिकून माझ्या गावातली कितीतरी माणसं उभी राहिली. आजही ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करून मुलं मेसचे पैसे भागवतात. त्याच तासांत एक-दोन मुलांना हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं, काम का देऊ नये? कपाटातल्या जुन्या शीटा साफ करायच्या, कीड लागलीय का बघायचं, लेबलं वाचून संगणकात भरायची, फोटो काढायचे. त्या शीटांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तारखा आहेत. कुठलं फूल कोणत्या महिन्यात, कुठल्या ओढ्यावर मिळालं ते लिहिलेलं आहे. तो ओढा आज आहे का? गवंडीकामाला जाणाऱ्या मुलाला संशोधन परवडत नाही, हे मी पाहिलं आहे. त्याला तासाचे पैसे मिळाले तर परवडेल.

मुलींबद्दल एकच सांगते. मला एम.एस्सी.ला असताना हैदराबादचं दोन महिन्यांचं बोलावणं आलं, तेव्हा आप्पा म्हणाले, ‘एकटी? दोन महिने?’ आणि गप्प झाले. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी आमच्या सरांना सांगितलं. सरांनी आप्पांना फोन केला, चार मिनिटं बोलले. राहायची सोय संस्थेच्या वसतिगृहात आहे, तिथल्या मॅडमचा नंबर हा, मी स्वतः बोललोय. आप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, ‘तिकीट कधीचं काढायचं?’ त्या चार मिनिटांचं मोल कुठल्याच तक्त्यात बसत नाही, पण ते फोन करणं तुमच्याच हातात आहे. आमच्यापेक्षा आमच्या बापांचा तुमच्यावर जास्त विश्वास असतो.

आणि एक विनंती, छोटी. नोटीस बोर्डावर ‘पंधरा दिवसांत बायोटेक इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह, फक्त इतके हजार’ अशा जाहिराती लागतात, त्या काढून टाका. पैसे घेऊन शिकवणं वाईट नाही, पण त्याला संशोधन म्हणू देऊ नका. माझ्या मावसबहिणीनं कर्णफुलं मोडून असं एक प्रमाणपत्र आणलं. मुलाखतीत तिला विचारलं, ‘तुम्ही तिथे कुठल्या प्रश्नावर काम केलंत?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्नच नव्हता.

त्याच जागी दुसरा कागद लावा. जुलैत लावा, कोणत्या अर्जाची मुदत साधारण केव्हा असते ते, मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरही टाका. नक्की तारखा दरवर्षी बदलतात, त्या ज्याची त्याने संकेतस्थळावर पाहाव्यात, पण कुठे पाहायच्या हे तरी कळू दे. हवा असेल तर तो कागद मी तयार करून पाठवते, तुमच्या नावाने लावा, माझं नाव नको.

मी महिन्यातून दोन शनिवार घरी येते. त्यातला एक शनिवार अर्धा दिवस तुमच्यासाठी. ज्या विभागाला बोलवायचं असेल त्यांनी बोलवावं, मानधन नको, हारतुरे तर मुळीच नकोत. वर्गात भाषण करणार नाही. मुलांना सांगा, येताना प्रत्येकानं घरून, रानातून, वाटेवरून एक अशी गोष्ट आणायची जिचं कारण त्याला माहीत नाही. सडका गड्डा चालेल, पानावरचा डाग चालेल, ओढ्यातलं पाणी चालेल. तेवढ्या शनिवारी सकाळी साडेसातला लॅबची किल्ली मात्र मामांकडून आधी मागून ठेवा.

आपली,
कोरेगाव तालुक्यातली एक माजी विद्यार्थिनी

ता. क. आप्पांनी यंदा पुन्हा आलं लावलं आहे. मागच्या आठवड्यात शेंडे पिवळे दिसतात म्हणून फोन आला. मी म्हटलं, औषध आणू नका, आधी बुंध्याचा एक काप काचेच्या ग्लासात धरून बघा आणि मला फोटो पाठवा. आईनं चहाचा ग्लास दिला नाही म्हणून त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी घेतली. दुधाळ धागे उतरलेले फोटोत स्पष्ट दिसत होते. म्हणजे या वेळी पिथियम नव्हे, आणि बुरशीची औषधं यावर कामाची नाहीत. शेजारच्या तीन प्लॉटांत काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला यायचं असेल तर एसटी गावाच्या फाट्यावर थांबते.